मेजरसाहेबांच्या खांद्यावरचा मुकुट

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

माझं वय ६३. दादरची आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळीआधी जागा रिकामी करायची आहे आणि पुढची तीन वर्षं गोरेगावला भाड्याने राहायचं आहे. माझा प्रश्न घरातल्या एका तैलचित्राचा आहे. माझ्या आईचे वडील मराठा पलटणीत मेजर होते. दुसऱ्या महायुद्धात ते आफ्रिकेत आणि मग इटलीत होते, असं आई सांगायची. १९४९ साली त्यांनी फौज सोडली आणि मुंबईत गोदीत नोकरी धरली. चित्र साधारण चार फूट बाय तीन फूट आहे. गळ्यापर्यंत बंद असा गडद समारंभी कोट, पांढरे हातमोजे, डावा हात तलवारीच्या मुठीवर. छातीवर पाच फिती आहेत. पहिली गडद निळी, लाल आणि फिकट निळी. दुसरी वाळूच्या रंगाची, मधे लाल पट्टा. तिसरी लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल. उरलेल्या दोन काळवंडल्यामुळे कळत नाहीत. खांद्यावर एक मुकुट आहे.

चित्र फार काळं पडलं आहे आणि खालच्या बाजूला रंगाचे पोपडे सुटत आहेत. फ्रेमवाल्याच्या ओळखीचा एक चित्रकार येऊन गेला, पंधरा हजारांत 'नव्यासारखं' करून देतो म्हणाला. माझा भाचा म्हणतो, करतेच आहेस तर मुकुट काढून तिथे आपले सिंह काढून घे, इंग्रजांचा ताज घरात कशाला मिरवायचा? पुण्याचा दादा म्हणतो, संग्रहालयाला देऊन मोकळी हो. मामा अविवाहित वारले, चित्र आईकडे आलं आणि आईनंतर माझ्याकडे. चाळीस वर्षं मी ते सांभाळलं. आता सगळे मला काय करायचं ते सांगतात, पण तुला काय हवंय असं कुणी विचारत नाही. काय करू?

— एक वाचक, दादर

ताई,

सगळ्यात आधी त्या चित्रकाराला फोन करा आणि काम करायचं नाही असं स्पष्ट सांगा. आगाऊ पैसे दिले असतील तर मागून घ्या, मिळाले नाहीत तर पाणी सोडा. चित्र अजून तुमच्या भिंतीवर आहे आणि त्याला कुणाचा ब्रश लागलेला नाही, तोवर बाकीचं सगळं सावकाश निस्तरता येईल.

जुनी चित्रं 'नव्यासारखी' करून देणारे बहुतेक जण ओल्या फडक्याने किंवा साबणाच्या पाण्याने चित्र पुसतात. मग जिथे रंग उडाला आहे तिथे नवा तैलरंग भरतात आणि तो शेजारच्या जुन्या रंगाशी जुळत नाही म्हणून हळूहळू शेजारच्या चांगल्या भागावरही चढवत जातात. कपाळावर सुरुवात झाली की गाल होतो, मग मिशी होते आणि शेवटी अख्खा चेहरा नव्या हाताचा होतो. पहिल्या दिवशी तो लखलखीत दिसतो. पण ताजा तैलरंग वाळता वाळता, जुना होता होता आपला रंग बदलतो, आणि काही वर्षांत ते ठिगळ वेगळं दिसायला लागतं. तोवर खालचा मूळ रंग त्याच्याखाली गाडला गेलेला असतो. नवा थर खरवडायला जावं तर जुनाही निघतो. तुमच्या आईने ज्या चेहऱ्याकडे बघून आपले वडील आठवले, तो चेहरा पंधरा हजारांत कुणालाही देऊ नका.

आता मुकुटाकडे येते, कारण पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबले.

तुम्ही फितींचे रंग क्रमाने लिहून पाठवलेत, त्याबद्दल मनापासून आभार. त्या तीन ओळींनी खूप काही उलगडलं. गडद निळा, लाल आणि फिकट निळा हे आरमार, भूदल आणि हवाई दल या तिघांचे रंग. ती '१९३९-४५ स्टार' या दुसऱ्या महायुद्धातल्या पदकाची फीत. वाळूच्या रंगावर मधे लाल पट्टा म्हणजे 'आफ्रिका स्टार'. तो रंग वाळवंटाचाच आहे. नीट उजेडात पाहिलंत तर लाल पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक निळी रेघही दिसेल, एक गडद आणि एक फिकट. तिसरी फीत इटलीच्या झेंड्याच्या रंगांची, म्हणजे 'इटली स्टार'. तुमची आई जे सांगायची ते आजोबांच्या छातीवर रंगवून ठेवलेलं आहे. लढाईच्या गोष्टी घराघरांत सांगितल्या जातात आणि पिढी बदलली की त्या फुगतात किंवा आटतात. तुमच्या घरातली गोष्ट खरी निघाली.

आणखी एक. इटली स्टार जाहीर झालं ते १९४५ च्या मे महिन्यात. म्हणजे या फिती छातीवर असलेले आजोबा त्याच्या आधीचे असू शकत नाहीत. दुसऱ्या बाजूला, खांद्यावर मुकुट आहे. आपल्या सैन्यात मेजरच्या खांद्यावरचा मुकुट गेला आणि तिथे सिंहमुद्रा आली ती २६ जानेवारी १९५० ला, देश प्रजासत्ताक झाला त्या दिवशी. आजोबांनी फौज सोडली १९४९ ला. तेव्हा चित्रातला माणूस १९४५ च्या उन्हाळ्यानंतरचा आणि १९४९ पर्यंतचा आहे, हे आपण दादरहून न हलता सांगू शकतो. चित्र फोटोवरून काढलेलं असेल तर ते थोडं नंतरचंही असेल, कारण मुंबईत फोटोवरून तैलचित्र करून घेण्याची पद्धत सर्रास होती. पण फोटो त्या काळी कृष्णधवल असायचा. त्यातून फितींचे रंग कळत नाहीत. इथे ते नेमके उतरले आहेत, म्हणजे चित्रकाराने एकतर आजोबांना समोर बसवलं होतं किंवा खऱ्या फिती हातात घेऊन पाहिल्या होत्या. ज्याने छातीवरची बोटभर रुंदीची फीतसुद्धा चुकू दिली नाही, त्याने खांद्यावरचा मुकुटही नीट बघूनच काढला असणार.

आजोबांनी सिंह कधी खांद्यावर लावलेच नाहीत. ते लावण्याआधी त्यांनी गणवेश उतरवला. मग चित्रात ते काढायचे तर आपण त्यांना एक अशी नोकरी बहाल करू जी त्यांनी केली नाही, आणि जी केली ती पुसून टाकू.

तुमच्या भाच्यावर मी रागावलेली नाही. त्याला परक्या राजाचं चिन्ह घरात खटकतं, यात वाईट काही नाही. उलट आजोबांच्या चित्राबद्दल त्या वयाच्या मुलाला काहीतरी वाटतं आहे, हेच मला मोलाचं वाटतं. फक्त त्याला एक गोष्ट माहीत नसावी. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही जवळजवळ अडीच वर्षं आपल्या सैन्यातल्या मेजरपासून ब्रिगेडियरपर्यंतच्या हुद्द्यांवर तोच मुकुट होता. १५ जानेवारी १९४९ ला जनरल करिअप्पांनी सेनेची सूत्रं हाती घेतली, जो दिवस आपण सेनादिन म्हणून पाळतो, तेव्हाही सिंह आलेले नव्हते. काश्मीरच्या पहिल्या लढाईत नौशेरा वाचवणारे ब्रिगेडियर महंमद उस्मान ३ जुलै १९४८ ला झांगडला तोफगोळ्याने गेले. त्यांच्या हुद्द्याच्या चिन्हातही हाच मुकुट होता. ते कुणासाठी गेले हे सांगायची गरज नाही. खांद्यावरच्या पितळी बिल्ल्यावरून माणसाचं मन ओळखता येत नाही.

आणि १९४७ च्या आधीच्या वर्षांबद्दलही मला त्याला काही सांगावंसं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेलं होतं आणि त्यातले ८७ हजारांहून अधिक परत आले नाहीत. इटलीत मराठा पलटणीतल्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, मिळाला. १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्याने तुम्ही अनेकदा त्या गावावरून गेला असाल. दुसरे शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीच्या काठी. ही कोकणातली आणि देशावरची साधी शेतकरी मुलं होती. कुणी पोटासाठी गेला, कुणी घराण्याची रीत म्हणून, कुणाला जग बघायचं होतं. त्यांच्यावर हुकूम चालवणारं राज्य परकं होतं, हे खरंच आहे. ते खरं असताना या माणसांचं धैर्यही तितकंच खरं आहे, आणि दोन्ही गोष्टी एका चित्रात मावतात. तुमच्या आजोबांच्या चित्रात त्या मावल्या आहेत, मुकुटासकट.

म्हणून भाच्याला समजावत बसण्यापेक्षा त्याला काम द्या. आजोबांचं पूर्ण नाव आणि असेल तर कमिशनचा, म्हणजे अधिकारी म्हणून झालेल्या नेमणुकीचा क्रमांक जुन्या कागदांत शोधायला सांगा. पेन्शनचं पुस्तक, बँकेचं जुनं पत्र, पदकांसोबत आलेली चिठ्ठी, लग्नपत्रिका, कशावरही सापडेल. 'इंडियन आर्मी लिस्ट' नावाची अधिकाऱ्यांची यादी त्या काळी नियमाने छापली जायची आणि तिचे बरेच खंड आज संगणकावर पाहता येतात. त्यात कोण कुठल्या पलटणीत, कुठल्या तारखेपासून, हे दिलेलं असतं. १९४७ पूर्वीच्या हिंदुस्थानी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची बरीच कागदपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, त्यांना साधं मराठीत पत्र लिहिलं तरी चालेल. आजोबा नेमके कोणत्या बटालियनमध्ये होते हे कळलं, की इटलीत ते कुठल्या नदीकाठी, कुठल्या महिन्यात होते इथपर्यंत पोचता येतं. ज्या मुलाने ते स्वतः शोधून काढलं, तो मुकुट पुसा असं पुन्हा म्हणणार नाही, असं मला वाटतं. म्हणालाच, तरी ते माहितीनिशी म्हणेल आणि मग त्याच्याशी खुशाल वाद घाला.

आता चित्राची तब्येत.

काळं पडलंय म्हणजे रंग काळे झालेत असं नाही. तैलचित्रावर शेवटी वॉर्निशचा हात दिलेला असतो. झाडाच्या राळेपासून केलेलं ते वॉर्निश वर्षं जातात तसं आधी पिवळं आणि मग तपकिरी होतं. त्यावर तुमच्या घरातली उदबत्ती, समईची काजळी, पूर्वीच्या स्टोव्हचा धूर आणि रस्त्यावरची धूळ चाळीस वर्षं बसली आहे. जाणकार माणूस कडेला नखाएवढ्या जागेवर चाचणी घेऊन हे थर हलक्या हाताने उतरवतो. तेव्हा काळ्या पार्श्वभूमीतून कित्येकदा गर्द हिरवा पडदा किंवा खुर्चीची पाठ बाहेर येते. उरलेल्या दोन फितीही बहुधा अशाच दिसू लागतील.

पोपडे मात्र काळजीचे आहेत, आणि ते मुंबईच्या हवेचं देणं आहे. कॅनव्हासवर रंगाच्या खाली सरसाचा हात असतो. पावसाळ्यात तो सरस आणि कापड दमट हवा पिऊन हलतं, हिवाळ्यात आक्रसतं. ऐंशी वर्षांचा तैलरंग ताठ झालेला असतो, त्याला ही दरवर्षीची ओढाताण झेपत नाही. तो तडकतो, मग तड्याच्या कडा वर उचलल्या जातात आणि शेवटी पापुद्रा पडतो. खालच्याच बाजूला जास्त का? कॅनव्हास आणि मागची लाकडी पट्टी यांच्या फटीत वर्षानुवर्षं चुना, भिंतीची माती, किड्यांची घाण पडून साचते, ती ओल धरते आणि कापडाला आतून फुगवटा आणते. पाठीमागून बघितलंत तर दिसेल. पण ती काढायला जाऊ नका, पोपडे सुटत असताना मागून दाब देणं वाईट.

रात्री घरातले दिवे मालवून एक टॉर्च चित्राच्या बाजूने, अगदी आडवी धरा. समोरून सपाट दिसणारं चित्र मग खडबडीत दिसेल, कुठे रंग उचलला आहे ते त्याच्या सावलीवरून कळेल. तसेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चित्राची पाठही नीट पाहा. चित्रकाराची सही पुढे सापडत नसेल तर मागे असू शकते. कॅनव्हास विकणाऱ्या कंपनीचा छाप, फ्रेमवाल्याचं लेबल, पेन्सिलने लिहिलेलं नाव, काहीही असेल त्याचा फोटो घ्या आणि ते तिथेच राहू द्या. फ्रेमवाले 'स्वच्छ' करताना हीच लेबलं आधी फाडतात. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून व्यक्तिचित्रांवर घर चालवणारे कितीतरी उत्तम चित्रकार त्या काळात मुंबईत होते, आणि सगळ्यांची नावं पुस्तकांत आलेली नाहीत. तुमच्या चित्राच्या पाठीवर कुणाचं तरी नाव असण्याची शक्यता चांगली आहे.

चित्राला पाणी लावू नका. बटाटा, पाव, कांदा, काच पुसायचा स्प्रे, खोबरेल, जवसाचं तेल, यातलं काहीही लावू नका. तेल चोळलं की चित्र दोन दिवस तुकतुकीत दिसतं आणि मग आणखी काळवंडतं. धूळसुद्धा आता झटकू नका, पोपड्याचा तुकडा ब्रशबरोबर निघून येईल. खाली पडलेले पापुद्रे असतील तर चिमट्याने उचलून एका छोट्या डबीत ठेवा आणि कुठून पडले ते चिठ्ठीवर लिहा. ते परत बसवता येतात.

मग जायचं कुठे? काळा घोड्याजवळ छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, म्हणजे आपल्या जुन्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, कला संवर्धन केंद्र आहे. आधी तिथे चौकशी करा. तुमचं काम त्यांनी घेतलं नाही तरी शहरातल्या खाजगी संवर्धकांबद्दल, म्हणजे जुनी चित्रं मूळ रूप राखून दुरुस्त करणाऱ्या जाणकारांबद्दल, विचारता येईल. जो कुणी संवर्धक ठरेल त्याच्याकडून चित्राची आत्ताची स्थिती, फोटोंसकट, लेखी घ्या. काय काढणार आणि काय लावणार तेही लेखी घ्या. आणि एक प्रश्न जरूर विचारा: रंग गेलाय तिथे तुम्ही कितपत रंगवणार? 'जेवढा गेलाय तेवढ्याच जागेत, आणि पुढे कुणाला काढावासा वाटला तर निघेल अशा रंगाने', हे उत्तर आलं तर माणूस बरोबर आहे. 'चेहरा एकदम फ्रेश करून देतो' म्हणाला तर नमस्कार करून उठा. खर्च पंधरा हजारांहून जास्त येऊ शकेल. सगळं एकदम करायला हवं असं नाही. सुटणारा रंग जागच्या जागी पक्का करून घेणं हे आधीचं काम, आणि तेवढं जागा सोडण्यापूर्वी व्हायला हवं. वॉर्निश उतरवण्याचं काम पुढच्या वर्षीही चालेल.

सामान हलवायच्या दिवशी हे चित्र टेम्पोत गाद्या आणि कपाटांबरोबर चढवू देऊ नका. गुंडाळून तर अजिबात नाही, ताठ झालेला रंग गुंडाळताना काचेसारखा तडकतो. फुग्यांचं प्लास्टिकही थेट रंगावर टेकवायचं नाही, त्याचे गोल ठसे उमटतात. चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे जाड टोप बसवा, त्यावर समोरून कडक पुठ्ठा बांधा, असा की तो रंगाला कुठेही टेकणार नाही. चित्र उभं ठेवून दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून न्यायचं, मागच्या तारेला धरून नाही. आणि पावसाची सर असेल तर त्या दिवशी न्यायचंच नाही.

पण गोरेगावला न्यायचं का? इथे मला तुमचा दादा आठवतो. भाड्याच्या घरात खिळा ठोकायला परवानगी नसते, चित्र कपाटामागे जातं, आणि दमट भिंतीला टेकून तीन पावसाळे काढले की बुरशी ठरलेली. पुण्याची हवा मुंबईपेक्षा कोरडी. दादांना संग्रहालयाची घाई आहे ना, त्यांना म्हणा, तीन वर्षं तुमच्या दिवाणखान्यात लावा. बाहेरच्या ओलसर भिंतीवर नको, न्हाणीघराच्या पाठीवर नको, देवघरावर नको, एसीच्या झोतात नको. मागे कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावले की भिंत आणि चित्र यात हवा खेळते. समोर काच घालायचा मोह होईल. पण काच रंगाला टेकून बसली तर मधे ओल साचते आणि रंग काचेला चिकटतो, तेव्हा ते संवर्धकाला विचारूनच.

संग्रहालयाला देण्यात गैर काही नाही. मात्र 'देऊन मोकळी हो' हे वाक्य दादांनी जरा तपासावं. कुठलंही संग्रहालय आलेली प्रत्येक वस्तू घेत नाही, आणि घेतली तरी ती भिंतीवर लागेल असं नाही. त्यांच्या भांडारात जागा मर्यादित असते. चित्राबरोबर माणसाची माहिती, पदकं, पत्रं, फोटो असतील तर गोष्ट वेगळी होते. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये पलटणीचं संग्रहालय आहे. आपल्याच मेजरचं चित्र त्यांना नक्कीच परकं वाटणार नाही. पण आधी भाच्याचा शोध पूर्ण होऊ द्या, चित्राची डागडुजी होऊ द्या, मग तिघं भावंडं मिळून ठरवा. द्यायचं ठरलं तर दान की काही वर्षांसाठी ठेवायला दिलेली वस्तू, हे कागदावर स्पष्ट लिहून.

तिघं भावंडं म्हटलं, कारण भाचा ज्या बहिणीचा मुलगा आहे तिचाही यात वाटा आहे. मृत्युपत्र नसेल तर आईची वस्तू तुम्हा तिघांची सारखीच, चित्र असलं तरी. म्हणजे ते परस्पर रंगवायला देण्याचा हक्क तुम्हालाही नव्हता, आणि परस्पर देऊन टाकायला सांगण्याचा दादांनाही नाही. संवर्धन झाल्यावर एका चांगल्या छायाचित्रकाराकडून मोठा फोटो काढून घ्या आणि दादांना, बहिणीला, भाच्याला कॅनव्हासवर छापलेली एकेक प्रत द्या. लहान घरात दोन फुटांची प्रत सहज मावते. पैसे काढणं जिवावर येईल त्यांना ही प्रतच खर्चात सामील करून घेईल.

शेवटी तुमचं. तुम्हाला काय हवंय असं कुणी विचारलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. मी विचारते, आणि पत्र पुन्हा वाचून मला वाटतं ते उत्तर तुमच्या पत्रातच आहे. ज्याला चित्र नकोसं झालंय तो फितींचे रंग क्रमाने, काळवंडलेल्या दोन वेगळ्या नमूद करून लिहीत नाही. तुम्हाला ते हवं आहे. नव्या घरात चार फूट भिंत लागेल म्हणून तुम्ही मनातल्या मनात आधीच माघार घेतली आहे. नव्या फ्लॅटचा नकाशा बिल्डरने दिला असेल. तो काढा आणि दिवाणखान्यात खिडकी, टीव्ही आणि दारं सोडून कुठली भिंत आतल्या बाजूची, कोरडी उरते ते पेन्सिलने मार्क करा. इलेक्ट्रिकचे पॉइंट कुठे द्यायचे हे विचारायला ते लोक येतील तेव्हा ही भिंत मोकळी सोडायला सांगा, आणि वर एक दिव्याचा पॉइंट मागून घ्या. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

या रविवारी दादांना आणि बहिणीला एकदम फोन लावा, भाच्यालाही बसवा. चित्राचे टॉर्चच्या उजेडातले फोटो आधी पाठवून ठेवा. आणि बोलायला सुरुवात तुम्ही करा: "मी हे चित्र ठेवणार आहे. तीन वर्षं ते पुण्याला राहील. मुकुट राहील. दुरुस्तीचा खर्च वाटून घेऊ." पुढचं त्यांना बोलू द्या. फोटोंच्या प्रती आणि आजोबांचे जे कागद सापडतील त्यांच्या झेरॉक्स एका पाकिटात घालून ते पाकीट चित्राबरोबरच पुण्याला पाठवा. सोबत जाड कागदावर आजोबांचं नाव, हुद्दा, पलटण, फौज सोडल्याचं साल आणि तीन फितींची नावं लिहून तो कागद फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्याला लावा. कॅनव्हासवर पेन टेकवू नका.